चॉसरचा पार्डनर आपलीच लबाडी सगळ्यांसमोर का सांगतो?

निळीशाई

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून बाहेरून एमए करतेय आणि गेले तीन आठवडे एकाच माणसापाशी अडकून पडलेय. इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधला पार्डनर. गाईडात त्याच्यावर दोन ओळी आहेत, ढोंगी आणि लोभी माणूस, चर्चच्या भ्रष्टाचाराचं प्रतीक, झालं. परीक्षेला तेवढं पुरेल, पण मला पुरत नाहीये.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चौदाव्या शतकाचा शेवट, इंग्लंड. लंडनच्या दक्षिणेला सदर्कमध्ये टॅबर्ड नावाची सराई, तिथे तीसेक यात्रेकरू जमलेत आणि सगळे घोड्यांवरून कँटरबरीला थॉमस बेकेटच्या समाधीला निघालेत. बेकेट म्हणजे ११७० मध्ये ज्याचा त्याच्याच कॅथेड्रलमध्ये खून झाला तो आर्चबिशप. वाटेत वेळ जावा म्हणून प्रत्येकानं गोष्टी सांगायच्या अशी टूम सराईचा मालक हॅरी बेली काढतो आणि स्वतःच पंच होऊन सोबत निघतो. या घोळक्यात आपला पार्डनर आहे. पार्डनर म्हणजे पोपच्या नावाची माफीपत्रं घेऊन गावोगाव फिरणारा. नियमानं त्यानं फक्त देणगी गोळा करायची आणि बदल्यात पापाच्या शिक्षेत सूट मिळाल्याचा कागद द्यायचा, पाप धुऊन टाकायचा हक्क त्याला नाहीच, पण हा तसं भासवतो. झोळीत रोमहून आलेली गरमागरम माफीपत्रं, एक उशीचा अभ्रा जो म्हणे मेरीमातेचा पदर आहे, काचेच्या भांड्यात डुकराची हाडं जी हा संतांच्या अस्थी म्हणून दाखवतो.

आता माझा प्रश्न. गोष्ट सांगायची पाळी आली की हा माणूस आधी आपला धंदाच उघडा करतो. कुणी विचारलेलं नसताना! मेंढीच्या खांद्याचं हाड विहिरीत बुडवा, त्या पाण्यानं गुरं बरी होतात असं मी सांगतो, हा हातमोजा घालून पेरलं की धान्य वाढतं असं सांगतो, मधेमधे लॅटिनचे चार शब्द टाकतो, प्रवचनाला केशर घातल्यासारखे. वर्षाला शंभर मार्क (तेव्हाचं इंग्लंडातलं पैशाचं माप) कमावतो. आणि विषय कायम एकच, राडिक्स मालोरुम एस्ट कुपिडिटास, म्हणजे लोभ हे सगळ्या पापांचं मूळ. मी लोभाविरुद्ध बोलतो आणि ते लोभापायीच बोलतो हेही तो स्वतःच सांगतो. गावातल्या सगळ्यात गरीब विधवेकडूनसुद्धा घेईन, तिची पोरं उपाशी मेली तरी घेईन, असं म्हणतो.

मग गोष्ट सांगतो, आणि ती इतकी अप्रतिम सांगतो की अंगावर काटा येतो. आणि गोष्ट संपल्यावर त्याच लोकांना, ज्यांना तासाभरापूर्वी सगळं खरं सांगितलंय त्यांनाच म्हणतो, या, गुडघे टेका, माझ्या अस्थींना ओठ लावा, पैसे टाका.

का? कुठल्या आशेवर? विकायचं होतं तर सांगितलं का, आणि सांगून टाकलं तर विकायला का गेला? दोन्हीतलं एक काहीतरी मला पटतं पण दोन्ही एका माणसात बसवता येत नाहीत. जाणकारांनी मदत करा प्लीज.

घाटमाथा

चांगला धागा. पण मला वाटतं तुम्ही चुकीचा प्रश्न विचारताय, रागावू नका. आपण आजच्या कादंबऱ्या वाचून मोठे झालोय म्हणून पात्र दिसलं की त्याचं मन शोधतो. मध्ययुगात तसं नव्हतं. चॉसरच्या आधी शंभरेक वर्षं फ्रान्समध्ये 'रोमान द ला रोझ' या लांबलचक काव्यात जाँ द मनं 'फो सांब्लां' नावाचं पात्र आणलंय, नावाचा अर्थच खोटा देखावा. तो येतो आणि मी असा लबाड, मी असा साधूचा वेष घेतो, असं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगतो. चॉसरला ते काव्य तोंडपाठ असावं, त्यानं त्याचा इंग्रजी अनुवादही करायला घेतला होता. तर पार्डनर हा त्या फो सांब्लांचा इंग्रज भाऊ. दुर्गुणानं मंचावर येऊन आपली ओळख करून द्यायची ही रीत आहे, त्यात 'का' नसतो.

निळीशाई

@घाटमाथा रागावले अजिबात नाही, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग शेवटाचं काय? फो सांब्लां हे रूपक आहे, दुर्गुणाला माणसाचं सोंग दिलंय. पार्डनर माणूस आहे, त्याचे केस मेणासारखे पिवळे आणि पातळ खांद्यावर पसरलेत, आवाज बकरीसारखा, त्याला दाढी नाही आणि येणारही नाही, तो चेरिंग क्रॉसजवळच्या राउन्सिव्हल इस्पितळाकडून आलाय, त्याचा एक मित्र आहे समनर (लोकांना चर्चच्या कोर्टात हजर करणारा), दोघं मिळून प्रेमाचं गाणं म्हणतात. एवढं सगळं रूपकाला कोण देतं? आणि शेवटी तो इतका चिडतो की तोंडातून शब्द फुटत नाही. रीत म्हणून कबुली दिली हे पटलं, पण रीतीला राग कसा येईल?

चाफेकळी

मी यातलं काहीच वाचलेलं नाहीये पण धागा जाम आवडला. गोष्ट काय सांगतो तो, ती तरी सांगा ना कुणी.

निळीशाई

@चाफेकळी सांगते. फ्लँडर्समधले तीन टपोरी सकाळी सकाळी गुत्त्यात पीत बसलेत. बाहेरून घंटा वाजत प्रेत चाललंय. हे पोऱ्याला विचारतात कोण गेलं रे, तो म्हणतो तुमचाच जुना दोस्त, रात्री बाकावर प्यायलेला असताना मृत्यू नावाचा चोर गुपचूप आला आणि भाल्यानं त्याच्या काळजाचे दोन तुकडे करून गेला, या साथीत त्यानं हजार जण मारलेत. (१३४८-४९ च्या प्लेगनंतरचा काळ आहे, ऐकणाऱ्यांना ते शब्द लागले असणार.) तर हे तिघं दारूच्या नशेत शपथ घेतात, आपण तिघं भाऊ भाऊ, आज रात्र व्हायच्या आत या मृत्यूला ठार मारू. निघतात. वाटेत एक म्हातारा भेटतो, नखशिखांत गुंडाळलेला, फक्त चेहरा उघडा. त्याच्यावर दमदाटी करतात, तू मृत्यूचा हेर आहेस, सांग तो कुठाय. म्हातारा म्हणतो त्या वाकड्या वाटेनं जा, त्या राईत ओकच्या झाडाखाली मी त्याला सोडून आलोय. हे धावत जातात तर झाडाखाली सोन्याच्या फ्लोरिन नाण्यांचा ढीग, जवळजवळ आठ बुशेल म्हणजे पोतीच्या पोती. मृत्यूबित्यू सगळं विसरतात. रात्रीपर्यंत थांबायचं ठरतं, चिठ्ठ्या टाकतात, सगळ्यात धाकट्याला गावात पाव आणि वाईन आणायला पाठवतात. तो गेल्यावर हे दोघं ठरवतात, आला की भोसकायचं. आणि तो गावात औषधवाल्याकडे जाऊन उंदरांसाठी म्हणून विष घेतो, तीन बाटल्यांपैकी दोघांच्या दोनमध्ये घालतो, तिसरी स्वतःसाठी स्वच्छ ठेवतो. आला, यांनी मारला, आणि मग म्हणाले आता बसू, पिऊ, मजा करू, नंतर पुरू याला. उचलली ती नेमकी विषाची बाटली.

एवढीच गोष्ट. पण मृत्यूला शोधायला निघाले आणि तो त्यांना मिळाला, हे कुठेही न सांगता सांगितलंय.

चाफेकळी

बापरे.

कंदील

ही गोष्ट वाचून मी जागीच उठून बसलो कारण ही मला ठाऊक आहे! जातकात आहे. वेदब्भ जातक, क्रमांक ४८. एका ब्राह्मणाला वेदब्भ मंत्र येतो, विशिष्ट नक्षत्रयोगावर म्हटला की आकाशातून रत्नांचा पाऊस पडतो. चोर त्याला पकडतात, तो शिष्याचं म्हणजे बोधिसत्त्वाचं न ऐकता मंत्र म्हणतो, मग धनासाठी मारामाऱ्या, टोळीच्या टोळ्या मरतात आणि शेवटी दोन चोर उरतात. एक तलवार घेऊन धनाची राखण करतो, दुसरा गावातून भात आणायला जातो, भातात विष घालतो, आल्यावर पहिला त्याला तलवारीनं मारतो आणि भात खाऊन स्वतः मरतो. सांगाडा अगदी तोच. पालीतून निघून ही गोष्ट तोंडातोंडी पश्चिमेला कशी कशी गेली असेल याची कल्पना करूनच भारी वाटतं. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी जातकं मराठीत आणलीत, तिथे बघा.

पण मुद्दा असा की जातकात म्हातारा नाही. आणि गोष्ट सांगणारा बुद्ध आहे, जो बोलतो तसाच वागणारा. चॉसरनं तीच लोभाची गोष्ट लोभी माणसाच्या तोंडी दिली. म्हणजे चॉसरचं स्वतःचं जे काही आहे ते गोष्टीपेक्षा सांगणाऱ्यात आहे. तेव्हा निळीशाईंचा प्रश्न बरोबरच आहे, घाटमाथांनी तो इतक्या सहज उडवू नये असं माझं मत.

पाऊलवाट

मी साहित्यातला नाही, पण बारा वर्षं विक्रीत काढलीत, औषधांच्या, त्यातली पहिली पाच नुसती एसटीनं तालुके फिरण्यात, त्यामुळे या माणसाबद्दल थोडं बोलतो.

त्यानं सगळं का सांगितलं हे मला अजिबात कोडं वाटत नाही. फिरतीवरच्या माणसाला आपलं कसब कुणाला दाखवताच येत नाही. गिऱ्हाइकाला दाखवलं तर धंदा बसतो. घरच्यांना त्यातलं कळत नाही. म्हणून रात्री लॉजवर चार विकणारे भेटले की तोंड सुटतं, मी अमक्याला असं फिरवलं, तमक्याच्या तोंडून हो असं काढलं. त्यात पैसा नसतो, पण 'काय हुशार आहेस रे' हे एक वाक्य ऐकायला माणूस दोन तास बोलतो. हा पार्डनर गावात जातो, व्याख्यान देतो, दुसऱ्या दिवशी निघून जातो. पहिल्यांदाच त्याला असे लोक मिळालेत जे उद्याही सोबत असणार. लंडन ते कँटरबरी नव्वद-पंचाण्णव किलोमीटर असेल, घोड्यावर गप्पा मारत तीन-चार दिवस. तो तीन-चार दिवस कुणाबरोबर तरी आहे!

मी आत्ता इंटरनेटवर त्याचा तो भाग शोधून वाचला आणि एक गोष्ट बघून थक्क झालो. त्याची सगळ्यात भारी युक्ती ही की चर्चमध्ये तो आधीच जाहीर करतो, ज्यानं इतकं भयंकर पाप केलंय की लाजेनं कबूल करता येत नाही, किंवा जी बाई नवऱ्याशी बेइमान झालीय, त्यांनी या अस्थींपुढे येऊ नये, त्यांना ती ताकदच मिळणार नाही. झालं, आता जो उठणार नाही तो पापी. सगळं चर्च रांगेत. ६०० वर्षांपूर्वी हे सुचणं म्हणजे!

आणि हीच युक्ती त्यानं यात्रेकरूंना सांगून टाकलीय. म्हणजे शेवटी विकायला उभा राहिला तेव्हा त्याचं खरं हत्यार त्याच्या हातात नव्हतंच. हे त्याला कळत नव्हतं? मला वाटतं कळत होतं. माझ्या मते तो विकत नव्हता.

घाटमाथा

@पाऊलवाट युक्तीबद्दलचा मुद्दा भारी आहे, मान्य. पण 'विकत नव्हता' कशावरून? मला सरळ वाटतं, तो प्यायलेला आहे. मजकुरातच आहे, गोष्ट सुरू करायच्या आधी तो म्हणतो या गुत्त्याच्या पाटीखाली थांबून मी आधी पिणार आणि पाव खाणार. हातात पेला घेऊन दारूविरुद्ध प्रवचन देतो, ते लांबलचक आहे, खादाडपणा, जुगार, शपथा सगळ्यांवर. पिणारा माणूस बरळतो, मग सवयीनं नेहमीचा शेवट करतो. इतक्या प्रवचनांचा शेवट तोच असेल तर जीभ आपोआप तिथे जाणार. मन वगैरे शोधायची काय गरज?

पाऊलवाट

सवयीचं मान्य. पण नशेत बरळणारा माणूस ती गोष्ट तशी सांगू शकेल? एक शब्द इकडचा तिकडे नाहीये.

रातराणी

उशिरा येतेय, मी लंडनला असते, वेळेचा घोळ. सदर्कला टॅबर्ड जिथे होती तिथे आता टॅल्बॉट यार्ड नावाचा बोळ आहे, भिंतीवर निळी पाटी, बाकी काही नाही. कँटरबरीतली बेकेटची समाधीही १५३८ मध्ये आठव्या हेन्रीनं उद्ध्वस्त केली, त्या जागी मोकळ्या फरशीवर एक मेणबत्ती जळत असते. मी तिथे दोनदा गेलेय, दोन्ही वेळा बराच वेळ उभी राहिले.

मला पार्डनरच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सुरुवात, जिच्याबद्दल इथे अजून कुणी बोललं नाही. तो तोंड उघडायच्या आधी काय होतं बघा. यात्रेतल्याच डॉक्टरनं एक फार दुःखद गोष्ट सांगितलीय, हॅरी बेली हादरलाय, म्हणतो आता काहीतरी गमतीचं हवं नाहीतर माझं काळीज थांबेल. आणि पार्डनरकडे वळून 'बेल आमी' म्हणतो, फ्रेंचमध्ये, म्हणजे सुंदर मित्रा. त्या बकरीच्या आवाजाच्या, दाढी नसलेल्या माणसाला सगळ्यांदेखत सुंदर मित्रा! मला तरी त्यात टोमणाच ऐकू येतो. पार्डनर बरं म्हणतो. तर लगेच त्यातले वरच्या वर्गातले लोक ओरडतात, नको नको, याला काही घाणेरडं सांगू देऊ नका, काहीतरी बोधपर सांगायला लावा. त्यानं एक शब्द बोललेला नाही आणि याच्या तोंडून घाणच बाहेर येणार हे ठरून गेलंय.

आता अशा माणसानं काय करावं? माझ्या मते तो म्हणतो, तुम्ही मला जे समजताय ना, मी त्याहून वाईट आहे, ऐका. तुम्ही हसण्याआधी मीच सांगतो. जो वर्गात चिडवला जातो तो पोरगा कधीकधी स्वतःच स्वतःची टिंगल सुरू करतो, म्हणजे निदान सूत्रं आपल्या हातात राहतात, तसं. आणि लक्षात घ्या तो कशाची कबुली देतो. पैशाची, दारूची, गावोगावच्या पोरींची. ज्या गोष्टीबद्दल लोक त्याच्याकडे बघून कुजबुजतात तिच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. निवेदक सुरुवातीलाच त्याला 'खच्ची केलेला घोडा नाहीतर घोडी असावा' असं म्हणून गेलाय. यावर फार लिहिलं गेलंय, १९१९ मध्ये करी नावाच्या अभ्यासकानं मध्ययुगीन वैद्यकाचा आधार घेऊन तो जन्मतः नपुंसक असल्याचं मांडलं, १९८० मध्ये मोनिका मॅकॅल्पाइननं म्हटलं की तो समलिंगी असावा आणि ते महत्त्वाचं आहे. मला त्यातलं काय खरं हे ठरवायचं नाहीये. पण एवढं नक्की की तो एवढ्या मोठ्यानं एका पापाबद्दल बोलतो ते दुसऱ्या कशावरून तरी लक्ष हटवायला. यात्रेतल्याच बाथच्या बाईच्या (वाइफ ऑफ बाथ) बोलण्यात मधेच तोंड घालून 'मी लग्न करणारच होतो' असं म्हणतो तेही मला तसंच वाटतं.

आणि मग शेवट. तो अस्थी पुढे करतो आणि हॅरी बेलीला म्हणतो, तुम्हीच आधी या, तुम्ही पापात सगळ्यात जास्त गुरफटलेले आहात. हॅरी काय म्हणतो ते इथे लिहिणार नाही, थोडक्यात तू तुझी मळकी विजार संताची म्हणून माझ्यापुढे धरशील, त्यापेक्षा तुझी अंडं कापून डुकराच्या विष्ठेत देव्हारा करून ठेवतो. म्हणजे बरोबर तिथेच घाव. जे झाकण्यासाठी एवढा सगळा खटाटोप केला तेच चारचौघांत उघडं. आणि ज्याच्या जिभेवर वर्षाला शंभर मार्क मिळतात तो गप्प. म्हणून तो राग, निळीशाई. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तरी इथे दिसतं.

निळीशाई

@रातराणी हे वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले. सुरुवातीचा तो आरडाओरडा मी चक्क ओलांडून पुढे गेले होते, विनोदी वाटला होता.

घाटमाथा

मीही थोडी माघार घेतो. फो सांब्लांला कुणी 'बेल आमी' म्हणत नाही, हे खरंय. पण एक सांगतो, ही मनाची बाजू शोधायची पद्धतही जुनीच आहे, हार्वर्डच्या किट्रेज नावाच्या प्राध्यापकांनी १८९३ मध्येच लेख लिहून म्हटलं होतं की शेवटी क्षणभर या माणसाला खरोखरच भरून येतं आणि मग त्याचीच लाज वाटून तो अस्थींची थट्टा काढतो. पुढचे लोक त्याच्याशी भांडत राहिले.

ती जागा कुठली ते मूळ घेऊन बघितलं पुन्हा. गोष्ट संपते, तो नेहमीचं प्रवचन संपवतो आणि म्हणतो, बघा, मी असा उपदेश करतो. आणि मग, ख्रिस्त जो आपल्या आत्म्यांचा वैद्य आहे तो तुम्हाला त्याची माफी देवो, कारण तीच सगळ्यात चांगली, मी तुम्हाला फसवणार नाही. आणि पुढच्याच ओळीत, पण मंडळी, एक सांगायचं राहिलंच, माझ्याकडे अस्थी आहेत. मधे काहीही नाही.

पाऊलवाट

म्हणजे माझ्याकडचा माल घेऊ नका, खरा माल त्याच्याकडे आहे, असं म्हणाला!! असं विकणारा माणूस आयुष्यात एकदाच म्हणतो, आणि म्हटल्यावर घाबरतो. पुढचं सगळं त्या घाबरण्यातून आलंय हे माझं आता पक्कं मत. आपली नेहमीची झोळी पुढे केली की पुन्हा आपण आपल्या जागी.

आणि हॅरीला आधी का बोलावलं तेही सांगतो. गटात ज्याचं सगळे ऐकतात त्याला आधी विकायचं हा पहिला धडा. पण त्यात 'सगळ्यात पापी तुम्हीच' हे वाक्य नसतं. मोठ्या गिऱ्हाइकाला सगळ्यांसमोर कमी लेखायचं नसतं, हे ज्याला कळतं त्याच्या तोंडून ते वाक्य का गेलं? कारण 'बेल आमी' डोक्यात होतं. रातराणींनी सांगितल्यावर ते मला दिसलं.

कंदील

आता मी म्हाताऱ्यावर येतो, परवापासून त्याच्यावर विचार करतोय. मूळ इंग्रजी मला झेपत नाही, शेजारी आधुनिक रूपांतर ठेवून वाचलं. तिघं टपोरी विचारतात, एवढा म्हातारा होऊन अजून जिवंत कसा रे तू. तो म्हणतो, कारण मी पार हिंदुस्थानापर्यंत चालत गेलो तरी कुठल्याही शहरात, कुठल्याही खेड्यात मला असा एक माणूस मिळाला नाही जो आपलं तारुण्य देऊन माझं म्हातारपण घेईल.

हे वाचलं आणि मी मोठ्यानं म्हणालो, अहो आम्ही होतो की! पुरू! ययातीला शुक्राचार्यांचा शाप, अकाली जरा आली, पण कुणी घेतली तर देता येईल असा उःशाप. यदूनं नाही म्हटलं, बाकीच्यांनी नाही म्हटलं, धाकट्या पुरूनं बापाचं म्हातारपण घेतलं. चॉसरला ययाती माहीत असणार असं मी म्हणत नाही, त्याच्यासाठी हिंदुस्थान म्हणजे जगाचं टोक, एवढंच. पण मराठी वाचकाला त्या एका ओळीत दुसरी एक संपूर्ण कथा ऐकू येते, जिथे देवघेव झाली. इथे ती झाली नाही. ययातीला घेणारा मिळाला आणि त्यानं उपभोगून बघितलं. या म्हाताऱ्याला मृत्यूही घेत नाही. तो काठीनं जमीन ठोठावतो, सकाळ-संध्याकाळ, जमीन म्हणजे त्याच्या आईचं दार, आणि म्हणतो, 'लीव्ह मोडर, लीट मी इन'. लाडके आई, मला आत घे.

त्याच्या हेतूबद्दल लोक विचारतात, त्यानं मुद्दाम सोन्याकडे धाडलं का. मला नाही वाटत. तो तिघांशी नम्रपणे बोलतो, ते त्याच्या अंगावर येतात, तरी जाताना 'देव तुम्हाला सुधारो' म्हणतो. मृत्यू कुठे आहे विचारलं, त्यानं सांगितलं. सोन्याजवळून तोही गेला असणार, पण सोनं त्याच्या काय कामाचं.

हा म्हातारा जातकात नाही. मग तो पार्डनरच्या गोष्टीत कुठून आला? माझं उत्तर असं की तो पार्डनरच आहे. गावोगाव हिंडणारा, आपलं ओझं कुणी घेतं का विचारणारा, दार ठोठावणारा. चॉसरनं त्याला गोष्टीतल्या गोष्टीत बसवलाय.

रातराणी

कंदील, नमस्कार घ्या. हिंदुस्थानची ओळ मी वीस वेळा वाचली असेल, पुरू कधी आठवला नाही.

घाटमाथा

'तो पार्डनरच आहे' हे मला थोडं ओढून आणलेलं वाटतं. म्हातारा खोटं बोलत नाही, एकदाही नाही, आणि त्याला कुणाकडून काही नको आहे. पार्डनरला सगळ्यांकडून हवंय.

कंदील

@घाटमाथा म्हणूनच तर. जे आपल्याला होता येत नाही ते माणूस गोष्टीत घालतो.

घाटमाथा

हं. यावर विचार करतो.

चाफेकळी

मला एक विचारायचंय. पण मग त्या विधवेचं काय? एवढी सगळी दया येतेय आपल्याला त्याची, पण तिची पोरं उपाशी मरतील तरी पैसे घेईन असं तो स्वतः म्हणालाय ना? आणि ती खरी असणार, गावात कुठेतरी. तिला तर कुणी गोष्ट सांगायला पण बोलावलं नाही.

निळीशाई

@चाफेकळी बरं झालं विचारलंत. दोन दिवस मीपण त्याच्या बाजूनं वाहवत चालले होते. चॉसर स्वतः १३७४ पासून बारा वर्षं लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर अधिकारी होता, कोण कुठून पैसे काढतं हे त्यानं रोज बघितलं असणार, आणि सुरुवातीच्या वर्णनात तो हिशेबच देतो, गावचा गरीब पाद्री दोन महिन्यांत मिळवतो त्याहून जास्त पार्डनर एका दिवसात नेतो. तो पाद्रीही यात्रेत आहे, सोबतच. विधवा नाही. ती फक्त पार्डनरच्या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य त्यानं फुशारकीनं म्हटलंय. त्याला समजून घेतलं म्हणून ते वाक्य पुसलं जात नाही आणि जाऊही नये.

आता माझं म्हणणं मांडते, तुमच्या सगळ्यांमुळे जे जमलंय ते. मी सुरुवातीला विचारलं होतं की सांगणं आणि विकणं एका माणसात कसं बसतं. आता मला ती एकच गोष्ट वाटते. हा माणूस आयुष्यभर लोकांसमोर उभा राहिलाय पण लोकांत कधी नव्हता. सांगतो तेव्हा तो त्यांच्यात यायला बघतो, मी कोण ते जाणा आणि तरी मला तुमच्यातला म्हणा. मग 'मी तुम्हाला फसवणार नाही' म्हणतो, आणि कुणीच काही म्हणत नाही. मूळात तिथे कुणाचाच आवाज नाही, मी मुद्दाम पाहिलं. त्या शांततेत तो पुन्हा लोकांसमोर उभा राहतो, कारण तेवढंच त्याला येतं. अस्थी पुढे करणं म्हणजे दुसऱ्यांदा दार ठोठावणं, फक्त या वेळी नेहमीच्या काठीनं. पाऊलवाट म्हणतात तसा तो घाबरला असेल, मला मात्र त्यात भीतीपेक्षा घाई दिसते. कोणी काही बोलायच्या आत आपणच बोलायची घाई.

आणि उत्तर येतं ते हॅरीचं. मग सगळे हसतात. ते हसताना बघून सरदार मधे पडतो, यात्रेकरूंमधलाच तो सभ्य नाइट, आणि त्याची वाक्यं शब्दशः बघा. पार्डनरला म्हणतो, महाशय, जरा आनंदी चेहरा करा. आणि हॅरीला म्हणतो, तुम्ही, जे मला इतके प्रिय आहात, तुम्ही याचा मुका घ्या, आणि चला, होतो तसे हसूखेळू. भांडण मिटवतानासुद्धा प्रिय कोण ते सांगायचं राहिलं नाही. ते दोघं मुका घेतात आणि सगळे पुढे निघतात. एका ओळीत उरकलंय.

रातराणी

आणि त्यानंतर पार्डनर?

निळीशाई

एल्समियर नावाच्या, 'कँटरबरी टेल्स'च्या जुन्या हस्तलिखिताच्या क्रमानं कालपासून पुढचं सगळं चाळलं, शेवटच्या पाद्र्याच्या प्रवचनापर्यंत. तो कुठे बोलत नाही. घोळक्यात असणारच, घोड्यावर, झोळी मांडीवर घेऊन, पण नंतर त्याला कुणी काही विचारलेलं नाही.